पुढची ओळ राहिली, मागचे केस गेले

केस रोपणाच्या जाहिरातीत एक गोष्ट हमखास सांगितली जाते, आणि ती बहुतांशी खरी असते: लावलेले केस सहसा गळत नाहीत. माझ्या कामात मी पाहिलेली सगळ्यात खचलेली माणसं याच खऱ्या गोष्टीपायी आमच्याकडे आली. कपाळावर लावलेले केस वर्षानुवर्षं जागच्या जागी उभे, आणि त्यांच्या मागचे मूळचे केस मात्र निघून गेलेले.

मी पुण्यात एका त्वचाशल्यतज्ज्ञांकडे काम करते. शिक्षण नर्सिंगचं. गेली बरीच वर्षं माझी जागा मायक्रोस्कोपपाशी आहे. डॉक्टर डोक्यातून काढतात ते कातडीचे बारीक तुकडे माझ्याकडे येतात. त्यातली केसांची मुळं मी एकेक सोडवते, थंड सलाइनमध्ये रांगेने ठेवते आणि मग ती डोक्यात लावली जातात. नवं रोपण करायला येणारे पुष्कळ असतात, त्यांच्यावर लिहिलंही पुष्कळ जातं. जुनं रोपण काढायला किंवा सुधारून घ्यायला येणाऱ्यांबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही, कारण ती माणसं स्वतःच बोलत नाहीत. टोपी घालून येतात, दार लोटल्यावरच टोपी काढतात.

कोथरूडचे एक काका असेच आले. सत्तरी ओलांडलेले. तरुणपणी मिशिगनमध्ये मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर होते, निवृत्तीनंतर पुण्यात परतले. 1981 मध्ये, तिशीच्या आत असताना, तिकडच्याच एका क्लिनिकमध्ये त्यांनी केस लावून घेतले होते. तेव्हा केस फक्त कपाळाच्या दोन कोपऱ्यांत मागे सरकले होते. आता माथा पूर्ण मोकळा झाला होता आणि कपाळावर पांढऱ्या केसांच्या गुच्छांच्या दोन सरळ रांगा तेवढ्या उरल्या होत्या. खुर्चीत बसल्यावर काका म्हणाले, ‘‘सिस्टर, मला नवे केस नकोत. हे दिसायचे तेवढे बंद करा.’’

मी भोर तालुक्यातली, भाताच्या गावची. काकांचं कपाळ पाहिलं आणि मला खाचरात नुकत्याच लावलेल्या चुडी आठवल्या. ओळीत, सारख्या अंतरावर, मध्ये मोकळी जागा. फरक इतकाच की भाताच्या चुडीला फुटवे येतात आणि खाचर भरून जातं. केसांचा गुच्छ कधी पसरत नाही.

त्या काळी ते तसंच करत असत, आणि का करत हे समजल्याशिवाय दुरुस्ती समजत नाही. जपानमध्ये शोजी ओकुदा यांनी 1939 मध्ये, भाजलेल्या जागी केस आणण्यासाठी, गोल पात्याच्या पंचाने केसांसकट कातडी काढून लावल्याचं प्रसिद्ध केलं. पण मध्ये महायुद्ध आलं आणि ते काम पश्चिमेकडे बराच काळ पोचलंच नाही. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइक यांनी 1952 मध्ये पुरुषांच्या टकलावर तोच मार्ग वापरला आणि 1959 मध्ये त्यावर निबंध लिहिला. त्यांनी दाखवून दिलेली गोष्ट साधी आणि मोठी होती. केस कुठे लावला यापेक्षा तो कुठून आणला हे महत्त्वाचं. डोक्याच्या मागच्या पट्ट्यातला केस पुढे आणला तरी तो आपला मूळचा गुण सोडत नाही. मागे तो टिकणार होता, म्हणून पुढेही टिकतो.

रोपणाचा सगळा धंदा या एका शोधावर उभा आहे, आणि दुरुस्तीची गरजही त्यातूनच निर्माण होते. लावलेला केस आपला गुण धरून राहतो, त्याच्या शेजारचा मूळचा केसही आपला गुण धरून राहतो. शेजारच्याचा गुण जाण्याचा असेल, तर तो जातोच. रोपणामुळे टक्कल पडणं थांबत नाही. त्याची चाल पुढे सुरूच राहते.

ही चाल हार्मोनची आहे. जेम्स हॅमिल्टन यांनी 1942 मध्ये नोंदवलं की वयात येण्याआधी ज्यांचे वृषण काढले गेले होते त्या पुरुषांना टक्कल पडत नव्हतं, पण टेस्टोस्टेरॉन दिल्यावर, घराण्यात टक्कल असेल तर, ते पडू लागलं. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचं जास्त जोरकस हार्मोन बनतं. कपाळाची आणि माथ्याची मुळं त्याला संवेदनशील असतात. वाढीच्या दर फेरीला केस आधीपेक्षा बारीक आणि आखूड उगवतो, शेवटी नुसती लव उरते. मागच्या पट्ट्यातली मुळं या हार्मोनला बहुधा दाद देत नाहीत. ओटार नॉरवुड यांनी 1975 मध्ये टकलाच्या पायऱ्यांची जी मांडणी केली ती डॉक्टर आजही वापरतात. तिच्यात सात पायऱ्या आहेत. माणूस रोपणाला येतो तेव्हा बऱ्याचदा सुरुवातीच्या पायऱ्यांवरच असतो. तो कोणत्या पायरीवर थांबेल हे त्या दिवशी कुणालाच छातीठोक सांगता येत नाही. वडील, काका, मामा, आजोबा यांचे फोटो पाहून अंदाज बांधता येतो, एवढंच. म्हणून आमचे डॉक्टर पेशंटला घरचा जुना अल्बम आणायला सांगतात.

काकांच्या वेळी वापरायचे तो पंच साधारण 4 मिलिमीटरचा. म्हणजे एका प्लगमध्ये, पंचाने काढलेल्या कातडीच्या गोल तुकड्यात, पंधरा-वीस केस. पुढे थोड्या लहान पंचाने टकलाला भोक पाडायचं, तिथली कातडी टाकून द्यायची आणि मागून काढलेला प्लग तिथे बसवायचा. प्लग अगदी शेजारी शेजारी लावले तर त्यांना रक्त पुरत नाही, म्हणून मध्ये जागा सोडायची आणि उरलेल्या जागा पुढच्या बैठकांमध्ये भरायच्या. अनेकांच्या त्या पुढच्या बैठका झाल्याच नाहीत. कुणी कंटाळलं, कुणाचे पैसे संपले, कुणाचे मागचे केसच संपले. काही प्लगांमध्ये मधल्या मुळांपर्यंत प्राणवायू पोचला नाही आणि ती मेली. आत पोकळ, भोवती केसांचं कडं. मागे जिथून प्लग काढले तिथल्या जखमा बऱ्याचदा उघड्याच भरून येऊ देत असत, त्यांचे गोल पांढरे डाग राहिले.

हे करणारे डॉक्टर फसवे नव्हते. 1972 मध्ये विस्कॉन्सिनचे सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांनी रोपण करून घेतलं तेव्हा अमेरिकेत त्याची चर्चा झाली, इतकं ते उजळ माथ्याने होत होतं. आजूबाजूला मूळचे केस दाट असेपर्यंत प्लग त्यांत लपूनही जात. पण मुळात केस डोक्यावर एकेक, दोन-दोन, फार तर चार-चारच्या जुडग्यांनी उगवतात. जॉन हेडिंग्टन यांनी 1984 मध्ये या जुडग्याचं नीट वर्णन केलं. टेक्सासचे बॉबी लिमर यांनी 1988 पासून मायक्रोस्कोपखाली ही जुडगी सुटी करून लावायला सुरुवात केली. आज आम्ही ज्याला ग्राफ्ट म्हणतो तो हाच. माझं आजचं काम त्या मायक्रोस्कोपमुळे अस्तित्वात आलं, आणि काकांची सुटकाही त्यामुळेच शक्य झाली.

कारण काकांच्या मागच्या पट्ट्यात आता फारसं काही उरलेलं नव्हतं. आधीचे पांढरे डाग, आणि वयामुळे तिथले केसही विरळ झालेले. अशा माणसाच्या कपाळावरचा प्लग हाच त्याचा शिल्लक साठा असतो. प्लग काढायचा, त्यातले केस सुटे करायचे आणि तेच केस पुन्हा नीट लावायचे. ज्यानं चेहरा बिघडवला, त्याच्यातूनच तो सुधारायचा. मला माझ्या कामातला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो.

सुरुवातीला काकांच्या औषधांची यादी पाहिली. हृदयात स्टेंट, त्यासाठी रक्त पातळ करणारी गोळी. अशी गोळी पेशंटने आपल्या मनाने बंद करायची नसते. डॉक्टरांनी काकांच्या हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून ठरवलं. भूल जागेपुरतीच असते, पण तीत ॲड्रेनलिन मिसळलेलं असतं आणि भुलीच्या औषधाची मर्यादा वजनावर ठरते, त्यामुळे सत्तरीच्या माणसाला एका दिवसात किती काम सोसेल हे आधीच ठरवावं लागतं. आदल्या दिवशी काकांना कपाळावरचे केस काळे करून यायला सांगितलं. पांढरा केस मायक्रोस्कोपखाली कातडीत मिसळून जातो, मूळ कुठे वळलंय ते दिसत नाही आणि पातं नेमकं मुळावरच चालतं.

पुढची रांग फारच खाली होती. डॉक्टरांनी ती पूर्ण काढायची ठरवली. मागच्या रांगेतल्या प्रत्येक प्लगमधून लहान पंचाने मधला भाग काढायचा आणि कडेचे चार-पाच केस चंद्रकोरीसारखे ठेवायचे, म्हणजे तो गुच्छ गुच्छासारखा दिसत नाही. काढलेल्या जागेला एकेक बारीक टाका. हे काम ऐकायला सोपं वाटतं, पण जुन्या प्लगभोवती चिवट व्रण झालेला असतो. आतली मुळं सरळ नसतात, वाकलेली असतात. आणि ते प्लग कपाळातून ताठ वर निघालेले असतात, खऱ्या कपाळावरचे केस तसे कधीच नसतात. ते कातडीला जवळजवळ टेकून पुढे झुकलेले असतात.

माझ्या काचेखाली प्लग आला तेव्हा मी प्रथम भोवतीचा व्रण सोलला. काही मुळं जुन्या पंचानेच कधीतरी अर्धी कापलेली होती. जी शाबूत होती ती एकेक, दोन-दोन अशी सुटी केली. त्याच दुपारी डॉक्टरांनी ती पुन्हा लावली: सगळ्यात पुढे एकेक केसांची, मागे दोन-दोनची, आणि मुद्दाम वाकडीतिकडी, कारण निसर्गाच्या कपाळावर सरळ रेघ नसते. व्रणाच्या कातडीत रक्त कमी खेळतं, म्हणून तिथे दाट लावता येत नाही. नंतरच्या काही आठवड्यांत लावलेले केस गळून पडतात, काकांचेही पडले. तीन-चार महिन्यांनी पुन्हा उगवू लागतात आणि पूर्ण चित्र दिसायला वर्ष जातं. दुसरी बैठक काही महिन्यांनी झाली.

काका आज टोपीशिवाय फिरतात. जवळून पाहिलं तर कपाळावर फिकट ठिपके दिसतात. हे मी मुद्दाम सांगते, कारण कातडी पूर्वीसारखी कोरी करून देतो असं कुणी म्हणालं तर ते खोटं आहे. प्लग काढला की गुच्छ जातो, त्या जागी छोटा व्रण राहतो. सगळं काढून तुळतुळीत डोकं ठेवायचं म्हणणाऱ्यांनाही आम्ही हेच सांगतो. ते होऊ शकतं, पण अनेक बैठका लागतात आणि व्रण झाकायला काही जण शेवटी सूक्ष्म रंगभरणी करून घेतात. तीत सुईने रंगाचे बारीक ठिपके देतात, त्यामुळे नुकत्याच भादरलेल्या केसांचा भास होतो. लेसरने जुने केस घालवण्याबद्दलही लोक विचारतात. लेसर केसातला काळा रंग पकडतो. काळ्या केसांवर, त्यातही हेअरलाइनच्या पुढे चुकून लागलेल्या मोजक्या केसांवर, तो चालतो. पांढऱ्यावर चालत नाही. शिवाय लेसरने मूळ मरतं, म्हणजे जो केस पुन्हा वापरता आला असता तो वाया जातो. आमचे डॉक्टर म्हणून लेसरला शेवटी हात लावतात.

काकांची गोष्ट जुन्या तंत्राची, म्हणून ती संपली असं वाटेल. तसं नाही. आता जे दुरुस्तीला येतात त्यांपैकी पुष्कळ जण तिशीतले आहेत आणि त्यांच्या डोक्यात एकही प्लग नसतो.

लातूरकडचा एक मुलगा आला. एकतिसावं वर्ष. बाविसाव्या वर्षी एका क्लिनिकमध्ये 3,000 ग्राफ्ट लावून घेतलेले. काम बारीक, केस छान उगवलेले. पण हेअरलाइन शाळकरी पोराची, भुवयांच्या जवळ आणि सरळ. नऊ वर्षांत तिच्या मागचे मूळचे केस गेले. आता पुढे दाट पट्टा, मागे मोकळं मैदान आणि माथ्यावर विरळ लव. त्याला वाटत होतं की मधली जागा भरली की झालं.

डॉक्टरांनी त्याला हिशेब कागदावर मांडून दाखवला. पूर्ण टकलाचं क्षेत्रफळ साधारण 200 चौरस सेंटिमीटर धरा. मूळच्या दाट डोक्यावर एका चौरस सेंटिमीटरमध्ये पंचाहत्तरच्या आसपास जुडगी असतात. म्हणजे पूर्वीसारखं भरायला 15,000 ग्राफ्ट हवेत. मागचा जो पट्टा म्हातारपणापर्यंत टिकेल असं मानतात, त्यातून आयुष्यभरात साधारण 6,000 काढता येतात. कुणाचे जास्त, कुणाचे कमी. त्यातले 3,000 या मुलाने पुढच्या चार बोटांच्या पट्टीत घालून टाकलेले होते. शिवाय ते काढताना पट्ट्याच्या वर आणि खालीही हात मारलेला होता. त्या भागातले केस पुढे गळू शकतात, आणि तिथून आणलेले ग्राफ्टही त्यांच्यामागून जाऊ शकतात. मागे कंगवा फिरवला की वाळवीने खाल्ल्यासारखी छिद्रं दिसत होती. कागद पाहून तो खूप वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘ताई, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर?’’

त्याच्यावर लगेच शस्त्रक्रिया केली नाही. आधी औषध. अमेरिकेत मिनॉक्सिडिलला 1988 मध्ये आणि फिनास्टराइडच्या 1 मिलिग्रॅमच्या गोळीला 1997 मध्ये टकलासाठी मान्यता मिळाली. पहिलं डोक्याला लावायचं, दुसरी डीएचटी कमी करणारी गोळी. दोन्हींचा गुण दिसायला सहा महिने ते वर्ष लागतं आणि बंद केलं की मिळालेलं निसटतं. फिनास्टराइडने थोड्या पुरुषांमध्ये लैंगिक इच्छा कमी होणं, मन खिन्न होणं असे त्रास होतात. ते डॉक्टरांना लाज न बाळगता सांगावेत. गरोदर बाईने फुटलेली गोळी हाताळू नये. चाळिशी-पन्नाशीनंतर प्रोस्टेटची पीएसए तपासणी करताना ही गोळी चालू असल्याचं सांगावं, कारण तिच्यामुळे आकडा साधारण निम्मा दिसतो.

वर्षभर वाट पाहून, गळती थांबल्याची खात्री झाल्यावर, डॉक्टरांनी सगळ्यात पुढच्या काही ओळी एकेक करून काढल्या, कोपरे मागे नेले आणि तेच ग्राफ्ट मधल्या भागात वापरले. कमी पडले तिथे जबड्याखालच्या दाढीतले केस घेतले. दाढीचा केस जाड असतो, त्यामुळे तो कपाळावर शोभत नाही, आत मिसळून जातो. माथा तसाच ठेवला. माथ्यावर एकदा बेट लावलं आणि भोवती टक्कल वाढत गेलं, तर भोवतीचं कडं भरायला पुन्हा ग्राफ्ट लागतात, आणि ते आणायचे कुठून? पस्तिशीच्या वर शोभेल अशी हेअरलाइन त्याला मिळाली. चाळिशीतही ती शोभेल.

तिसरा प्रकार कानापासून कानापर्यंतच्या व्रणाचा. मागची लांब पट्टी कापून ग्राफ्ट काढायची पद्धत होती, अजूनही आहे, आणि ती चांगल्या हातात वाईट नाही. पण टाका ताणला गेला तर व्रण बोटभर रुंद होतो. पुढचं टक्कल वाढलं आणि केस बारीक कापावेसे वाटले की तो उघडा पडतो. तो कापून पुन्हा शिवता येतो, त्यात काही ग्राफ्ट लावता येतात किंवा रंगभरणी करता येते.

दुरुस्तीला जायचं असेल तर जुने कागद शोधा: किती ग्राफ्ट, कुठून, केव्हा. ते नसतील तर रोपणाआधीचे आणि नंतरचे फोटो आणा. डोक्याची मागची बाजू बारीक कापून या, झाकून आणू नका. आणि पंचविशीच्या आतल्या मुलाला लग्नासाठी म्हणून रोपणाला नेणाऱ्या आईवडिलांना माझी विनंती आहे, दोन वर्षं थांबा. औषध चालू करा, गळतीची चाल पाहू द्या. मागच्या पट्ट्यातून एकदा उपसलेला केस तिथे परत उगवत नाही.

आणखी एक गोष्ट मी या कामातली बाई म्हणून सांगते. ग्राफ्ट सोडवणं माझं काम आहे आणि ते मी कुणाहीपेक्षा कमी करत नाही. पण हेअरलाइन आखणं, भूल देणं, पंच फिरवणं, कुठले केस काढायचे आणि कुठले आयुष्यभर राखायचे हे ठरवणं डॉक्टरांचं काम आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये हेच स्पष्ट केलं: ही शस्त्रक्रिया रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांनीच करायची, कार्यशाळा किंवा इंटरनेटवरचे व्हिडिओ पाहणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. तरीही माझ्यासारख्या शिकलेल्या मुलींना आणि मुलांना, डॉक्टर जागेवर नसताना, पंच हातात घ्यायला लावणाऱ्या जागा आहेत. लातूरच्या त्या मुलाच्या आठवणीत डॉक्टर फक्त पहिल्या दहा मिनिटांत होते.

तेव्हा पैसे भरण्याआधी विचारा: माझ्या डोक्यात पंच कोण फिरवणार, त्यांचा नोंदणी क्रमांक काय, आणि ते पूर्ण वेळ खोलीत असतील का? सरळ उत्तर मिळालं नाही तर तिथून उठा आणि घरी या.